कचरा ओळखणारी पंचफुला

आमचं गाव फार स्वच्छ आहे, असं आमचं पिढ्यान्‌पिढ्या मत होतं. या मताला दर आठवड्याचा पुरावा होता. बुधवारी आमचा बाजार भरायचा. मोठ्या आंजी गावाकडून आणि आसपासच्या दहा-बारा खेड्यांतून माणसं यायची. चिंचेपासून जनावरांच्या फुटक्या हौदापर्यंत मैदान गच्च भरायचं. दिवसभर जे जे सोलता येतं, चघळता येतं, ओढता येतं आणि थुंकता येतं, ते ते आम्ही मन लावून करायचो आणि उरेल ते जिथल्या तिथे सोडून घरी जायचो. गुरुवारी सकाळी बघावं तर मैदान तळहातासारखं लख्ख. एखाद्या माणसाला मुळात घामच कमी येतो, तशी आमच्या गावाला घाण होतच नाही, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. पाहुण्यांना आम्ही गुरुवारीच बोलवायचो.

या स्वच्छतेला नाव आहे, गाव आहे, नवरा आहे आणि ती रोज दोन वेळा जेवते, हे आम्हाला छप्पन सालच्या दसऱ्यानंतर कळलं. तिचं नाव पंचफुला.

पंचफुला तेव्हा चाळिशीची असेल. उंच, काटक, कपाळावर गोंदण. तिचा आवाज कधी चढला नाही. चढवायची वेळ आली, की ती तो उलट खाली आणायची. मग समोरच्याला कान देऊन ऐकावं लागे आणि माणूस कान द्यायला वाकला, की त्याचं निम्मं भांडण तिथेच संपतं. नवरा लहानू. तो फक्त बैलांशी बोलायचा आणि बैल त्याचे नव्हते. नाल्याकाठचा दुसऱ्याचा एक तुकडा तो बटईनं करायचा, म्हणजे कष्ट सगळे त्याचे आणि पीक निम्मं मालकाचं.

बाजार झाडायचं काम पंचफुलेकडे सासूकडून आलं होतं. सासूकडे तिच्या सासूकडून. मोबदला म्हणून बुधवारी संध्याकाळी प्रत्येक दुकानदारानं तिच्या पदरात एक मूठ टाकायची. कोणी मिरचीची, कोणी मुरमुऱ्यांची, कोणी सडायला आलेल्या कांद्यांची. याला आम्ही तिचा हक्क म्हणायचो. हक्क तिचा असला तरी मूठ दुकानदाराची असायची, आणि आमच्या बाजारातल्या दुकानदारांच्या मुठी त्या एका वेळेला लहान मुलांसारख्या व्हायच्या. शिवाय ती मूठ वरून सोडायची, हाताला हात लागू द्यायचा नाही. असं वीस वर्षं चाललं. वीस वर्षांत तिच्याशी कोणी भाव केला नाही की भांडण केलं नाही. आम्ही याला गोडी म्हणायचो.

दसऱ्याला तिच्या वस्तीतलं माणूस न्‌ माणूस दीक्षेसाठी नागपूरला गेलं. कोणी आगगाडीनं, कोणी बैलगाडीनं, बरेचसे पायी. पंचफुला पांढरं लुगडं नेसून गेली आणि तेच नेसून परत आली. काही फरक दिसत नव्हता. पण पुढच्या गुरुवारी मैदान झाडलं गेलं नाही.

आम्हाला वाटलं, चालून चालून थकली असेल. दुसऱ्या गुरुवारी वाटलं, तापानं पडली असेल. बायकांनी हळहळही व्यक्त केली. तिसरा गुरुवार नेमका एक नोव्हेंबरचा. त्या दिवशी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. जिल्हा हलला, राजधानी हलली, संत्र्याची सालं तेवढी हलली नाहीत. तेव्हा सरपंच अण्णाजींनी निरोप पाठवला, की बाई, तब्येत कशी आहे. उत्तर आलं, की तब्येत बरी आहे. झाडू खाली ठेवला आहे, तो आता हाती धरायचा नाही. आणि मूठही नको.

मूठ नको, हे ऐकून दुकानदारांना मनापासून वाईट वाटलं. पण ते सावरले.

त्यानंतर आमच्या गावात सफाईचं एक मोठं पर्व सुरू झालं. वर्ध्याजवळच राहत असल्यामुळे सफाई या विषयावर आमचं ऐकणं दांडगं होतं. पूर्वीही दोन-तीनदा खादीतली तरुण मंडळी झाडू घेऊन आली होती आणि गाणी म्हणत त्यांनी गाव झाडलं होतं. आम्ही ओट्यांवर बसून शेंगा खात ते बघितलं होतं. फोलपटं पडत होती, ती मंडळी हसतमुखानं उचलत होती. सगळ्यांनाच समाधान मिळालं होतं. त्या अनुभवावरून अण्णाजींनी शाळेच्या मास्तरांकडून एक पाटी रंगवून घेतली, ‘येथे कचरा टाकू नये’, आणि ती हौदापाशी रोवली. बाहेरगावच्या लोकांना वाटलं, गावानं कचऱ्यासाठी जागा नेमून दिली आहे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तर वाटलंच, पण ज्यांना येत होतं त्यांचंही मत फारसं वेगळं पडलं नाही. पंधरा दिवसांत पाटीचा खालचा अर्धा भाग बुजला आणि ‘येथे कचरा’ एवढंच दिसू लागलं.

मग वर्ध्याहून एक झाडणारा आणला. तो दुपारच्या मोटारीनं उतरला, मैदानावरून एक चक्कर मारली, रजा कोणत्या दिवशी असते ते विचारलं आणि गुरुवारी नसते असं कळताच त्याच मोटारीनं परत गेला. शेवटी अण्णाजींनी सभा घेतली. ज्यानं त्यानं आपापलं उचलावं, असा ठराव मांडला. स्वतःचं उदाहरण दिलं. म्हणाले, मी जन्मात बाजारात एक साल टाकलेलं नाही. टाळ्या पडल्या. सभा उठल्यावर चावडीचा ओटा फोलपटांनी झाकलेला होता, कारण सभेला शेंगा वाटल्या होत्या.

अण्णाजी माणूस वाईट नव्हते. आम्ही कोणीच वाईट नव्हतो. आम्ही फक्त वाट पाहत होतो.

कशाची वाट, ते सांगतो. मूठ बंद झाल्यावर पंचफुलेच्या घरात ज्वारी यायची वाट एकच राहिली होती. लहानूच्या बटईच्या तुकड्यातली वांगी. वांगी सुरेख झाली होती, काटेरी देठाची, हाताला कोवळी लागणारी. ती बाजारात विकली गेली तर झाडूशिवाय घर चालणार होतं. नाही विकली गेली तर, आमचा सगळ्यांचा हिशेब असा होता, की संक्रांतीपर्यंत ती आपण होऊन मैदानात येईल आणि गाव पूर्ववत स्वच्छ होईल. असा हिशेब कोणी बोलून दाखवत नाही. पण गावात तो सगळ्यांना पाठ असतो.

ती टोपलं घेऊन पहिल्यांदा आली तेव्हा अण्णाजी बाजारात जागा वाटून देत होते. भाजीची ओळ चिंचेखालून सुरू व्हायची. सगळ्यांत नामी जागा अण्णाजींच्या परसाच्या भिंतीला लागून होती. सावली, उंचवटा आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस समोरून. पंचफुलेनं ओळीत जागा मागितली. ओळीतल्या बायका एकाएकी इतक्या ऐसपैस बसल्या, की मध्ये मांजरालाही वाट उरली नाही. अण्णाजी म्हणाले, “पहिले मैदान झाड. मंग म्हनशीन तिथं बस.”

“झाडत नाई,” ती म्हणाली.

“मंग हौदापाशी बस.”

ती हौदापाशी बसली. म्हणजे पाटीच्या बरोबर शेजारी, आमच्या नेमून दिलेल्या जागेच्या काठावर. दिवसभर सालं, उष्टी पानं, थोटकं तिच्या टोपल्याच्या दिशेनं सरकत राहिली. गिऱ्हाईक लांबून वांगी बघायचं, नाकाला उपरणं लावायचं आणि वळायचं. ढीग बाजूला सारायला तिला चार हात मारावे लागले असते. वीस वर्षं तिनं याहून मोठे ढीग उचलले होते. आम्ही बघत होतो, की आता हात घालते, मग घालते. तिनं बोट लावलं नाही. संध्याकाळी टोपलं जसंच्या तसं घरी गेलं आणि दुसऱ्या दिवशी गाईनं वांगी खाल्ली. गाय मालकाची होती.

दुसऱ्या बुधवारी ती परत तिथेच येऊन बसली. दुपारी रूपराव तिकडून चालला होता. या रूपरावानं श्रावणात कीर्तनाला सगळ्या गावासमोर बिडी सोडली होती. कीर्तनकारानं त्याच्या गळ्यात हार घातला होता आणि बायकोनं सुटकेचा श्वास सोडला होता. तो हौदाच्या आड जरा वेळ उभा राहिला, काहीतरी पायाखाली चुरडलं आणि निघाला. पंचफुलेनं वांग्यांवर पाणी शिंपडता शिंपडता हलक्या आवाजात हाक मारली.

“रूपरावभाऊ, तुमची बिडी राह्यली.”

रूपराव थबकला. आजूबाजूला चार माणसं होती. “मी तं बिडी सोडली,” तो म्हणाला.

“हो न. इथंच सोडली.”

माणसं हसली. रूपरावानं थोटूक आपलं नाहीच असा वाद घातला. ती म्हणाली, “थोटूक चपटं हाये अन्‌ डाव्या अंगानं चावलेलं हाये. तुमचा उजवीकडचा दात गेला तवापासून तुमी डावीकडूनच चावता.” दात पडल्याची गोष्ट रूपरावाच्या बायकोलाही नीट आठवत नव्हती. त्यानं थोटूक उचललं, खिशात घातलं आणि त्या खिशाचं पुढे घरी काय झालं, ते शेजाऱ्यांनी ऐकलं.

पुढच्या तासाभरात मनकर्णाबाईंची पाळी आली. मनकर्णाबाई ही गावातली मानाची म्हातारी, घरात सहा सुना. गोड वर्ज्य केल्याचं त्या सुनांना रोज ऐकवत, म्हणजे सुनांनीही मागू नये. बुधवारी त्या एकट्याच बाजारात येत, पळसाच्या पानात जिलेबी घेत, ती पाण्याच्या थेंबासारखी गिळत, पान चाटून त्याची चार घड्यांची नेटकी घडी करत आणि दगडाखाली दडवत. वीस वर्षांत त्या दगडाखालून पंचफुलेनं हजारभर तरी घड्या काढल्या असतील. ती एवढंच म्हणाली, की बुढीबाई, तुमचं पान दगडाखालून दिसून राह्यलं. त्या दिवशी नेमक्या सुनाही शेजारीच बांगड्या भरत होत्या.

तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं, की या बाईनं वीस वर्षं नुसतं झाडलं नव्हतं. आम्ही ज्याला कचरा समजून टाकत होतो, तो ती मन लावून वाचत आली होती. कोण शेंगा दातांनी फोडतो, कोण अंगठ्यानं. कोण पानाचं देठ खुडतो, कोण तसंच खातो. कोणाच्या घरी पाहुणे आले आणि कोणाच्या घरी आल्याचं फक्त सांगितलं गेलं, सगळं तिला तोंडपाठ. माझाही एकदा उल्लेख झाला. तपशील सांगण्यासारखा नाही.

यानंतर आमच्या बाजारात जे दृश्य दिसू लागलं, ते जिल्ह्यात दुसरीकडे कुठे दिसलं नसेल. चांगली पोक्त माणसं संत्रं खाऊन साल टोपीत घालत आणि टोपी डोक्यावर. धोतराच्या सोग्यांना फोलपटांनी बाक येऊ लागला. एक गृहस्थ तर पानाची पिचकारी तोंडात धरून दीड कोस घरी गेले. वाटेत त्यांना भेटलेल्या व्याह्यांशी ते एक शब्दही बोलले नाहीत आणि त्यावरून सोयरिकीत कायमचं अंतर पडलं. दोन बाजारांत हौदापाशी नवी काडी पडली नाही. जुना ढीग वाऱ्यानं आणि शेळ्यांनी विरळ केला. पाटी पुन्हा पूर्ण दिसू लागली.

पण वांगी तशीच राहिली. कचरा गेला आणि कचऱ्याबरोबर माणसंही गेली. हौदाकडे फिरकायचं म्हणजे आपली अख्खी दिनचर्या चारचौघांत वाचली जाणार, ही धास्ती. वांगं कितीही कोवळं असलं, तरी त्यासाठी एवढी किंमत कोण देईल? लोक तिच्यापासून वीस हात लांबून वळसा घालू लागले. चौथ्या बुधवारीही टोपलं भरलेलंच घरी गेलं. लहानू त्या दिवशी बैलांशीही बोलला नाही, असं म्हणतात.

आणि कचरा तरी कुठे जाणार? टोपीला मर्यादा असते. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला, जिथवर पंचफुलेची नजर पोहोचत नव्हती. ते टोक म्हणजे अण्णाजींच्या परसाची भिंत. भाजीच्या ओळीच्या मागून हात लांबवायचा आणि भिंतीशी सोडून द्यायचं. सगळ्या बाजारानं ही सोय आपापली शोधून काढली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, की ती आपल्या एकट्यालाच सुचली. थोड्याच दिवसांत भिंतीच्या पलीकडे अण्णाजींच्या बायकोला, आनंदाबाईंना, आपल्याच परसात उभं राहवेना. वाळत घातलेल्या कुरडयांवर माश्या बसू लागल्या.

त्यातच एक चमत्कारिक प्रकार घडत होता. बाजारात वाटेवर चांगलं अख्खं संत्रं पडलेलं दिसायचं. माणूस इकडे तिकडे बघून वाकायचा, उचलायचा आणि हातात नुसतं साल. आत हवा. पोरं फसली ते ठीक, पण रूपरावही दोनदा वाकला होता. ज्यानं कोणी हे केलं त्याच्या सात पिढ्यांची त्यानं भर बाजारात विचारपूस केली होती.

अण्णाजींनी चावडीवर सभा बोलावली. या वेळी शेंगा नव्हत्या. विषय एकच होता, पंचफुलेला बाजारात बसू द्यायचं की नाही. रूपराव तावातावानं बोलला. बाई लोकांची अब्रू घेते, मनात येईल ते कोणाच्याही नावावर खपवते, अशीनं बाजार उठून दुसऱ्या गावाला जाईल. बाकीच्यांनी माना हलवल्या. ज्यांची अब्रू अजून गेली नव्हती, त्यांनी जास्त हलवल्या. तिला बाजारबंदी करावी, असं जवळजवळ ठरलंच. बाजारबंदी म्हणजे काय, ते तिलाही कळत होतं आणि आम्हालाही. तिथून पुढे आठ दिवसांत झाडू.

तिला बोलावणं गेलं. पूर्वी ती चावडीच्या खाली मातीत उभी राहायची. या वेळी ती आली आणि ओट्याच्या पायरीवर बसली. कोणी काही बोलायच्या आत बसली, त्यामुळे कोणाला काही बोलता आलं नाही.

अण्णाजींनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, की कोणाचा कचरा कोणाचा, हे तू कशावरून सांगतेस, पुरावा काय.

“वीस वर्सं तुमचंच उचललं, अण्णाजी. मले ओळखू येते.”

“हे म्हननं झालं. पुरावा नाई झाला.”

तिनं पदराच्या गाठीतून एक संत्रं काढलं आणि ओट्यावर ठेवलं. “एवढं सोलून द्या,” ती म्हणाली.

आता इथे अण्णाजींबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे. संत्रं सोलणं ही अण्णाजींची विद्या होती. लहानपणी ते मामाकडे आष्टीकडच्या बागांत राहिले होते आणि तिथे शिकले होते. देठाकडे नखानं एक फुली मारायची, चार पाकळ्या उलगडायच्या, आतलं फळ अलगद काढून घ्यायचं आणि पाकळ्या अशा मिटवायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, संत्रं अजून अख्खंच आहे. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या पुढे असं रिकामं संत्रं ठेवून त्यांनी पुष्कळ वाहवा मिळवली होती. गावात ही कला दुसऱ्या कोणाला येत नव्हती. संत्रं हातात आलं, की त्यांना दुसऱ्या तऱ्हेनं सोलताच येत नसे. येत असतं तरी, सगळी चावडी डोळे लावून बसलेली असताना, स्वतःच्या हातानं आपली कला बिघडवणं हे त्यांच्यासारख्या गुणी माणसाच्यानं झालं नसतं.

त्यांनी फुली मारली. चार पाकळ्या उलगडल्या. फळ काढून शेजाऱ्याला दिलं. पाकळ्या मिटवल्या, बोटानं हलकेच दाबल्या आणि साल ओट्यावर ठेवलं. अख्खं संत्रं. कामगिरी इतकी सफाईदार झाली होती, की ते स्वतःच तिच्याकडे कौतुकानं बघत राहिले. दोघा-तिघांच्या तोंडून वाहवाही निघाली.

वाटेवरच्या रिकाम्या संत्र्यांशी या कलेचा संबंध जोडायचं इतक्या दिवसांत कोणाच्या मनात आलं नव्हतं, कारण कला सरपंचांची होती.

सगळ्यांत आधी कळलं ते रूपरावाला. “म्हंजे अण्णाजी,” तो हळूच म्हणाला, “मी ज्याच्या सात पिढ्या काढल्या, ते तुमी होय?”

पंचफुलेनं पदराची गाठ पुन्हा बांधली. जन्मात एक साल न टाकलेला माणूस त्या सालाकडे बघत होता. हसावं की नाही, हे कोणाला ठरवता येईना, कारण आणखी कोणाचं काय तिला ओळखू येतं, याचा प्रत्येकजण मनातल्या मनात आढावा घेत होता. तेवढ्यात आनंदाबाई चावडीवर आल्या.

आमच्याकडे बाई चारचौघांत नवऱ्याशी सरळ बोलत नाही. मध्ये कोणीतरी लागतं. आनंदाबाईंनी रूपरावाला धरलं. अण्णाजी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, तरी सगळं बोलणं रूपरावामार्फत झालं.

“रूपरावभाऊ, त्याइले म्हना, माह्या भिंतीपाशी उकिरडा झाला. हौदापाशी एक काडी पडत नाई. काऊन?”

रूपरावानं अण्णाजींना विचारलं, काऊन. अण्णाजींनी रूपरावाला सांगितलं, की पंचफुला तिथं बसते म्हणून.

“मंग तिले माह्या भिंतीपाशी बसवा म्हना.”

चावडीत खळबळ झाली. ती बाजारातली नामी जागा होती. त्या जागेसाठी दोन माळ्यांमध्ये आठ वर्षं दावा चालू होता आणि तोवर ती रिकामीच होती. रूपरावानं निरोप पोहोचवला तेव्हा त्याचा स्वतःचाच आवाज चिरकला. अण्णाजींनी रूपरावाला समजावलं, की गावाचे रिवाज असतात, ओळीतल्या बायका काय म्हणतील. आनंदाबाईंनी रूपरावाला विचारलं, की ओळीतल्या बायका माझ्या कुरडयांवरच्या माश्या हाकायला येणार आहेत का. बिचारा रूपराव मान इकडून तिकडे फिरवून घामाघूम झाला. शेवटी अण्णाजींनी हात टेकले आणि पंचफुलेकडे वळून, गावावर फार मोठा उपकार करत असल्याच्या सुरात म्हणाले, की ठीक आहे, पुढल्या बुधवारपासून भिंतीपाशी बसून राखण कर.

पंचफुला उठली. आम्हाला वाटलं, आता पाया पडते.

“भाजी इकाले बसन,” ती म्हणाली. “राखन कराले नाई. कोनं काय टाकलं, मी पाह्यनार नाई. अन्‌ तिथला ढीग निघन, तवाच बसन.”

ढीग कोण काढणार, हा प्रश्न मग पुन्हा उभा राहिला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच योग्य माणसांपुढे उभा राहिला होता. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आनंदाबाईंनी कोणाकडेच बघितलं नाही. त्या रूपरावाला एवढंच म्हणाल्या, की त्याइले सांगा, खोरं परसात हाये.

गुरुवारी सकाळी आमचे सरपंच धोतर खोचून भिंतीपाशी खोरं चालवत होते आणि रूपराव टोपली भरून शेतात नेत होता. बघायला सगळं गाव लोटलं. खायला मात्र कोणी काही आणलं नव्हतं. चौथ्या टोपलीला अण्णाजी कंबर धरून उभे राहिले आणि पहिल्यांदाच विचारलं, की ती हे एकटी करायची? मनकर्णाबाईंच्या एका सुनेनं पुढे होऊन दुसरं खोरं उचललं. त्यानंतर दोन-चार माणसं, बघण्यापेक्षा हेच कमी लाजेचं म्हणून, हात लावायला गेली. दुपारपर्यंत भिंतीचा पाया दिसला. तो दगडी आहे, हे कित्येकांना माहीत नव्हतं.

बुधवारी पंचफुला भिंतीपाशी येऊन बसली. पोतं अंथरलं, वांगी देठ वर करून रचली, शेजारी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ठेवल्या. ओळीतल्या बायका फुगून बसल्या होत्या. शेजारणीनं पोतं हातभर लांब ओढलं, आणि ऊन तिकडे आल्यावर निमूट परत आणलं. पंचफुलेनं दिलेला शब्द पाळला. दिवसभर तिनं वांग्यांखेरीज कशाकडे डोळा उचलून बघितलं नाही. पण या गोष्टीवर विश्वास ठेवील असा माणूस बाजारात नव्हता. ती बघत नाही, म्हणजे नक्की लक्षात ठेवते आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. टोप्या जडच राहिल्या.

दुपार चढेपर्यंत गिऱ्हाईक मात्र आलं नाही. येणारे जवळ येत, वांग्यांवर नजर ठेवत, मग तिच्याकडे बघत आणि पुढे सरकत. सगळ्यांना एक पहिलं माणूस हवं होतं आणि ते आपण नसावं, असंही सगळ्यांना वाटत होतं.

तेव्हा भिंतीतलं परसाचं दार उघडून आनंदाबाई बाहेर आल्या. त्यांनी एक वांगं उचललं, दाबलं, ठेवलं. दुसरं उचललं. भाव विचारला. तिनं सांगितला. आनंदाबाई म्हणाल्या, की तळेगावच्या बाजारात याच्या निम्म्यात मिळतात. ती म्हणाली, तळेगाव लांब नाही. बराच वेळ असं चाललं. ओळीतल्या बायका विकणं सोडून ऐकू लागल्या. वीस वर्षांत पंचफुलेशी बाजारात कोणी घासाघीस केली नव्हती.

भाव एकदाचा जमला. “अन्‌ सांभाराची एक जुडी वर टाक,” आनंदाबाई म्हणाल्या.

“सांभाराचे येगळे.”

“माह्या भिंतीपाशी बसली अन्‌ जुडीले येगळे?”

“भिंत तुमची हाये, बाई. सांभार माहा हाये.”

आनंदाबाईंनी वांगं टोपल्यात आपटलं आणि तरातरा निघाल्या. ओळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. प्रत्येक टोपल्यातली वांगी दाबून बघितली. तिथून पुन्हा मागे वळल्या, तशाच तरातरा, आणि पंचफुलेपुढे येऊन खाली बसल्या. एवढ्यात मनकर्णाबाईंच्या दोन सुना आणि आंजीची एक म्हातारी त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. आनंदाबाईंनी पदर पसरून पुढे धरला.

“जुडीचे घे,” त्या म्हणाल्या. “पन निवडून दे. किडकं नको टाकू.”

पंचफुलेनं एकेक वांगं उलटसुलट करून बघितलं आणि हातानं त्यांच्या पदरात ठेवलं. घाई केली नाही. मागची म्हातारी म्हणाली, आवर वं माय, मले मोटार धराची हाये.